गांजा, भांग, अमली पदार्थ: वादाआधी शब्दांचं बघूया

बेळगावहून (चर्चा सुरू करताना)

भाची इथल्या एका कॉलेजात शिकते. वादविवाद स्पर्धेला विषय मिळाला, ‘गांजा कायदेशीर करावा का?’ रविवारी वही घेऊन घरी आली आणि बसायच्या आधीच विचारलं, “मामा, गांजा आणि भांग एकच काय वो?” मी होय म्हणणार, इतक्यात तिनं मोबाइलवर साठवलेले तीन मराठी मजकूर पुढे केले. एकात ‘मारिजुआना’, दुसऱ्यात ‘भांग’, तिसऱ्यात चक्क ‘अंबाडीच्या बियांचं तेल’. तिन्हीकडे झाड मात्र एकच. मुलांनी कशाच्या बाजूनं बोलायचं आणि कशाच्या विरोधात, हेच कळेना, म्हणून इथे लिहितोय.

मला माहीत आहे तेवढं असं. मादी झाडाचे चिकट, फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. त्याच झाडाची राळ वेगळी काढली की चरस. पानं वाटून केली ती भांग. म्हणजे झाड एक, पण नावं त्याच्या अंगांची आणि ती तयार करायच्या रीतीची. आपल्या भाषेनं हा फरक फार पूर्वीच केलेला आहे. ‘मारिजुआना’ हा मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधला शब्द, तिकडे तो ‘मारिहुआना’च्या जवळ बोलला जातो. तो आणल्यानं मराठीत एकही नवी छटा आली नाही, उलट होती ती पुसली गेली.

अंबाडीची चूक कुठून आली तेही सांगतो. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. पान गांज्याच्या पानासारखं फाकलेलं दिसतं म्हणून ते नाव पडलं. कुणीतरी कोशात ‘हेम्प’ बघितलं, अंबाडी सापडली, लिहून मोकळा झाला. घरात पुंडीची जुडी होतीच (कन्नडमध्ये अंबाडीला पुंडी, आणि आमच्या घरीही पुंडीच म्हणतात). भाचीला एक पान ताटात पसरून दाखवलं. अंबाडीच्या पानाचे फाटे खाली एकमेकांना जोडलेले असतात. गांज्याच्या पानाच्या पाती देठापर्यंत सुट्या असतात. अंबाडी भेंडी-जास्वंदीच्या घरातली, ज्वारीच्या भाकरीबरोबर खायची आंबट भाजी. तिला या वादात ओढू नका, ही हात जोडून विनंती.

एक शंका: ‘अमली पदार्थ’ की ‘अंमली पदार्थ’?

खानापूरहून

दोन्ही छापलेलं दिसतं. मूळ अरबी ‘अमल’, म्हणजे कृती, कारभार. मराठीत तो ‘अंमल’ झाला. इंग्रजांचा अंमल म्हणजे त्यांची सत्ता, आणि दारूचा अंमल चढला म्हणजेही सत्ताच, फक्त माणसाच्या डोक्यावरची. अंमलबजावणी, अंमलदार ही त्याचीच पोरं. कन्नडमध्येही ‘अमलु’ म्हणजे नशा, आणि जुन्या म्हैसूर संस्थानात तालुक्याचा अधिकारी ‘अमलदार’. मी ‘अंमली’ लिहितो, कारण बोलताना अनुस्वार ऐकू येतो, आणि संस्कृत ‘अमल’, म्हणजे निर्मळ, याच्याशी घोळ होत नाही.

‘गांजणे’ मात्र वेगळं. दुष्काळानं गांजलेला शेतकरी आणि गांजा ओढणारा गांजेकस यांचं शब्दाचं नातं नाही. आणि आपली ‘भांगलण’! पुण्याची सून आमच्याकडे आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “उद्या सगळ्या भांगलायला जायलाव.” पोरगी घाबरली. भुईमुगातलं तण काढायचं होतं. आता कॉलेजची पोरं गांज्याला ‘वीड’ म्हणायलेत, त्याचाही अर्थ तणच.

निपाणीहून

‘तुळशीत भांग’ विसरू नका. चांगल्या घरात वाईट निघाला की म्हणतात, आणि उलट झालं तर ‘भांगेत तुळस’. भांगेला पूर्वीच्या लोकांनीही चांगलं म्हटलेलं नाही, एवढं या म्हणीवरून दिसतं. पण तीच भांग महाशिवरात्रीला चालते.

मला कायद्यातल्या शब्दाबद्दल सांगायचंय. १९८५ च्या एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्यात ‘गांजा’ची व्याख्या फुलोऱ्याच्या किंवा फळं धरलेल्या शेंड्यांची आहे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणूनच भांगेवर नियंत्रण मुख्यतः राज्यांच्या अबकारी कायद्याकडून. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं भांगेच्या प्रकरणात एकाला जामीन दिला, तोही याच मुद्द्यावर. आणि वजन बघा. गांजा १ किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’, २० किलोच्या वर ‘व्यापारी प्रमाण’, म्हणजे किमान १० वर्षं सक्तमजुरी. ओल्या झाडाचा पाला, देठ, मुळं सगळं काट्यावर टाकून त्याला गांजा म्हटलं, तर माणूस कुठल्या कुठे जातो. (झाड लावणं हा वेगळा गुन्हाच आहे. उसाच्या फडात लावणाऱ्यांची बाजू मी घेत नाही.)

आमच्याकडे पंचनामा कन्नडमध्ये होतो. ‘सोप्पु’ म्हणजे पाला, ‘गिडा’ म्हणजे झाड. एका ओळखीच्या घरी त्या कागदाचं मराठी करून दिलेलं मी वाचलं. सोप्पु, गिडा, सगळ्याला एकच शब्द, गांजा. घरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की कागदावर नेमकं काय आहे. त्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. सीमाभागात नुसता एक चुकीचा शब्द माणसाला केवढा महाग पडू शकतो, ते तिथं बघितलं.

बेळगावहून (पुन्हा)

निपाणीकर, हे वाचून रात्री झोप लागली नाही. भाचीला दाखवलं. तिनं वहीत शेंडा, पाला, राळ असे तीन रकाने केले.

आता मुख्य शब्द, ‘कायदेशीर करणे’. माझ्या मते खरा घोळ इथेच आहे. कॅनडानं १७ ऑक्टोबर २०१८ पासून जे केलं ती परवान्याखालची विक्री: दुकान, वयाची अट, कर. पोर्तुगालनं २००१ मध्ये केलं ते अगदी निराळं. तिथं मनाई कायम आहे, पण स्वतःपुरतं जवळ सापडलं तर फौजदारी खटला न भरता समितीपुढे पाठवतात, उपचाराचं बघतात. आणि उत्तराखंडनं २०१८ मध्ये धाग्यासाठी, नशेचा घटक ०.३ टक्क्यांहून कमी असलेल्या झाडाच्या लागवडीला परवानगी दिली. त्याचा ओढण्याशी संबंधच नाही. या तिन्हींना आपण ‘गांजा कायदेशीर’ म्हणतो. मग एकजण धाग्याबद्दल बोलतो, दुसरा पानटपरीबद्दल, आणि दोघं तासभर भांडतात.

धाग्यासाठी ‘धाग्याची भांग’ म्हणावं असं वाटतं. कॅनडाच्या रीतीला ‘परवाना पद्धत’. पोर्तुगालच्या रीतीला ‘निर्गुन्हेगारीकरण’ असं लिहितात, पण तो शब्द भाचीच्या जिभेला पेलला नाही, मलाही पेलत नाही.

चिकोडीहून

बिगरशेती म्हणतो तसं ‘बिगरफौजदारी’ म्हणा. जमीन बिगरशेती झाली म्हणजे मोकाट सुटली असं नाही, नियम बदलतात एवढंच. गावातल्या कुणालाही समजेल.

खानापूरहून

उत्तम शब्द. आणि ‘नशेखोर’ टाकून द्या. आपल्याच एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये आपणहून उपचार घ्यायला जाणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट आहे. ‘नशेखोर’ म्हटल्यावर कोण दारात येईल?

बेळगावहून

‘बिगरफौजदारी’ घेतला. स्पर्धेत भाची याच बाजूनं बोलणार आहे: दुकान नको, पण खिशात चिमूटभर सापडलेल्या अठरा वर्षांच्या पोराला जेलही नको. माझंही मत तेच.

एक राहिलं. कन्नडमध्ये पानाला ‘भंगी सोप्पु’ म्हणतात. रायबाग, अथणीकडच्या मराठीत नुसत्या पाल्याला, शेंड्यापासून वेगळा, काही शब्द आहे काय? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कळवा.