जुन्या डिझेल रेलकारच्या पोटात मूळ इंजिनच हवे का?

जेलरोडकर (धागाकर्ता)

कालका-शिमला मार्गावरची छोटी रेलकार (स्वतःच्या इंजिनावर धावणारा डबा) बहुतेकांनी निदान फोटोत पाहिलेली असते. १९०३ चा मार्ग, ७६२ मिमी गेज (दोन रुळांमधले अंतर), ३३ ला १ चा चढ (३३ मीटर पुढे, १ मीटर वर), २००८ पासून जागतिक वारसा यादीत. ही रेलकार सुरुवातीला पेट्रोलवर धावायची, डिझेल इंजिन नंतर आले. म्हणून तिला कोणी नकली म्हणत नाही.

जुनी रेलकार चालती ठेवायची तर डबा, खिडक्या, चालकाची जागा आणि गिअर टाकायची पद्धत जपावी. इंजिन मात्र ज्याचे सुटे भाग बाजारात मिळतात तेच बसवावे, असे माझे मत आहे. ब्रिटिश रेल्वेच्या १९५० च्या दशकातल्या रेलकार बघा. फरशीखाली आडवी निजवलेली सहा सिलिंडरची लेलँड किंवा एईसी कंपनीची इंजिने, बहुतेक ठिकाणी प्रत्येकी १५० अश्वशक्ती, १८०० आरपीएमला. पुढे फ्लुइड फ्लायव्हील (तेलातून ताकद पोचवणारी जोडणी), फ्रीव्हील (एकाच दिशेने ताकद देणारी जोडणी) आणि चार गिअरची विल्सन एपिसायक्लिक गिअरबॉक्स (यात बँड, म्हणजे घर्षणाचे पट्टे, आवळून गिअर पडतात). हे आडवे ब्लॉक आज कोणी ओतत नाही. वॉटर जॅकेटला (ब्लॉक थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीला) तडा गेला की गाडी वर्षानुवर्षे शेडमध्ये. अमेरिकेत बड कंपनीच्या आरडीसी या डिझेल रेलकारमधली जनरल मोटर्सची मूळ इंजिने काढून कित्येक ठिकाणी कमिन्स कंपनीची बसवली, आणि त्या गाड्या धावल्या. अडचण काय आहे?

सातपूर टूलरूम

अडचण गणितात आहे भाऊ. १५० अश्वशक्ती म्हणजे ११२ किलोवॅट. १८०० आरपीएमला त्याचा टॉर्क (पिळाचा जोर) येतो सुमारे ५९५ न्यूटन-मीटर. विल्सन बॉक्सचे बँड, फ्रीव्हीलचे रोलर, फायनल ड्राइव्ह, सगळे याच अंदाजाने बनवलेले. आजचे त्याच ताकदीचे टर्बो इंजिन पूर्ण शक्ती २२००-२५०० ला देते आणि १४००-१५०० लाच टॉर्क उंचावते. गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) १८०० ला बांधला तर वरची शक्ती वाया जाते. शक्ती भरून काढायला मोठे इंजिन घेतले तर खालच्या आरपीएमला टॉर्क इतका चढतो की उभ्या गाडीतून निघतानाच बँड जळतात. मग गिअरबॉक्स बदला, ती बदलली की रिव्हर्सर (गाडीची दिशा बदलणारा गिअर) बदला. शेवटी मूळ म्हणून खिडक्या उरतात.

आणि कमिन्सचे म्हणाल तर पुण्यात बनणारे ८५५ उभे इंजिन आहे. फरशीखाली त्याला जागाच नाही. फरशी कापून मध्ये पेटी उभी करणार का? प्रवासी बसणार कुठे?

जेलरोडकर

८५५ बसवा असे मी म्हटलेले नाही. सहा लिटरच्या आसपासचे, यांत्रिक पंपाचे, तिरके बसवता येईल असे इंजिन घ्या. इसीएम (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल) नको, सेन्सर नको. संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) आणि ऑइल पिकअप बदलून घ्यावा लागेल, तेवढे काम नाशिकच्या अंबडमध्ये होते.

सातपूर टूलरूम

इंजिन तिरके केले की फक्त संप बदलून भागत नाही. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेल वर चढते, टर्बोचे तेल परतायला उतार लागतो, खालच्या बाजूच्या व्हॉल्व्ह गाइडमध्ये तेल साचून निळा धूर येतो. मूळ आडव्या इंजिनात या सगळ्याचा विचार ड्रॉइंगपासून केलेला होता.

शिवाय प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे नेणारा दांडा. इंजिन लहान झाले की फ्लायव्हीलचे तोंड हलते आणि शाफ्टचा कोन बदलतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि दोन्ही योक (टोकांचे दुबेळके) एका रेषेत. नाहीतर प्रत्येक फेऱ्यात वेग दोनदा वरखाली होतो आणि महिन्याभरात सांध्यातले क्रॉस खडखडतात. कोन अगदी शून्य ठेवला तरी चूकच. क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया फिरत नाहीत, एकाच जागी ठोकून खाचा पाडतात. निदान एक अंश तरी द्यावाच.

मनमाड जंक्शन

इंजिनावरून एवढी खडाजंगी चालली आहे, पण माणसे मरतात ती ब्रेकमुळे. जेलरोडकरांनी सांगितलेल्या मांडणीत फ्रीव्हील आहे. म्हणजे उतारावर चाके इंजिनाला फिरवत नाहीत, इंजिन आयडलला येते. इंजिन ब्रेकिंग शून्य.

आपल्या थळ (कसारा) घाटाचा ३७ ला १ चा चढ धरून आकडे मांडतो. (तिथे वारसा गाडीला कोणी परवानगी देणार नाही, फक्त हिशेबापुरता.) ३५ टनांची गाडी. उताराचे ओढणे ९.३ किलोन्यूटन, चाकांचा विरोध साधारण १. ताशी ३० किमीने खाली यायचे तर ब्रेक ब्लॉकना सतत ७० किलोवॅटच्या आसपास उष्णता पचवावी लागते. ओतीव लोखंडाचे ब्लॉक आणि व्हॅक्यूम ब्रेक यांना हे काही मिनिटे जमते, मग पकड उतरते. वर चढताना, गाडीला दोन इंजिने धरली तर मिळून ३०० अश्वशक्ती, चाकांपर्यंतच्या वाटेत एक पंचमांश गेली असे धरले तर ताशी ६० च्या आसपास. एक इंजिन बंद पडले तर ३० च्या आसपास, आणि तेव्हा चालक एक इंजिन पिळत बसतो.

म्हणून चढाच्या मार्गावर चालवायची असेल तर आधी एक्झॉस्टर (ब्रेकसाठी व्हॅक्यूम तयार करणारा पंप) तपासा, ब्रेक सिलिंडरचे रोलिंग रिंग बदला, पार्किंग ब्रेक भरलेल्या गाडीला उतारावर धरतो का ते पाहा. एक्झॉस्टर इंजिनवर चालतो हेही विसरू नका. इंजिन बदलले तर त्याचा पट्टा, त्याची पुली आणि आयडलला मिळणारा व्हॅक्यूम, हे सगळे पुन्हा जुळवावे लागते. याकडे कोणी लक्ष देत नाही.

जेलरोडकर

एक्झॉस्टरचा मुद्दा मान्य. पण त्याने मूळ इंजिनाचे दुर्मीळपण कमी होत नाही.

पंप-नोझल

दुर्मीळपण फुगवून सांगितले जाते. लेलँड ६८० घराण्याचे उभे इंजिन अशोक लेलँडने आपल्याकडेच बनवले. आडव्या आवृत्तीचे ब्लॉक-संप वेगळे, पण आतले कितीतरी भाग मोजून जुळवता येतात. मोजून, हे महत्त्वाचे. पार्ट नंबर वाचून मागवू नये.

इंधनाचे काम तर नाशिकला अवघड मानूच नये, सातपूरला बॉशचा नोझल-इंजेक्टरचा कारखाना आहे आणि शहरात पंप कॅलिब्रेशन करणारे भरपूर. नोझल टेस्टरवर चढवा. ठरलेल्या ओपनिंग प्रेशरच्या २० बार खाली दाब धरून १० सेकंद थांबा, टोकाला थेंब लोंबता कामा नये. थेंब आला तर पिस्टनचा माथा जळण्याचा धोका. सहा सिलिंडरच्या इनलाइन पंपाचे फेजिंग (एकामागून एक सिलिंडरला इंधन सोडण्यातले अंतर) ६० अंशांचे, चूक अर्ध्या अंशाच्या आत.

खरी भानगड नव्या डिझेलची आहे. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे १० पीपीएम गंधक. जुन्या नायट्राइल रबराच्या सीलना सवय वेगळ्या डिझेलची. इंधन बदलले की ते आकसतात आणि पंपाचे सांधे पाझरू लागतात. व्हिटॉनचे सील टाका, काम संपते.

आणि एक इशारा. वर्षानुवर्षे उभ्या पंपात डिझेलचा गोंद होतो आणि रॅक (किती इंधन जाईल ते ठरवणारी पट्टी) पूर्ण डिलिव्हरीला अडकते. असे इंजिन सुरू झाले की पळत सुटते, बंद करायच्या दांड्याला जुमानत नाही. पहिल्या वेळी इनटेकच्या तोंडाशी जाड लाकडी फळी घेऊन एक माणूस उभा हवाच. हवा तोडली की इंजिन थांबते. चिंधी कोंबायची नाही, ती आत ओढली जाते.

इगतपुरीचा पाऊस

सगळे इंजिनाच्या गोष्टी करतात. डबा सडला तर इंजिन कुठे टांगणार? आमच्याकडे चार महिने सगळे ओले, निफाडकडे कोरडे. गाडी उघड्यावर ठेवायचीच असेल तर निफाडला ठेवा, द्राक्षांशेजारी. खिडकीच्या रबरामागून पाणी खांबात उतरते आणि खालच्या टोकाला साचते. वरून रंग चकाचक, आतून पोलादाचा पापड. खांबाच्या तळाची पत्र्याची झाकणे काढून स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, नुसते ठोकून कळत नाही. पाझर बंद न करता वेल्डिंग केले तर तेच काम पुन्हा.

देवळाली कॅम्प

मी जेलरोडकरांच्या बाजूचा, पण वेगळ्या कारणाने. मूळ इंजिनाचा खरा शत्रू वापर. जितके चालवाल तितके झिजेल आणि झिजलेले परत येत नाही. म्हणून चालायला बदली इंजिन आणि जपायला मूळ. अट एकच, फ्रेमला एकही कायमचा छेद नाही. मूळ माउंटिंगच्याच भोकांवर ॲडॅप्टर प्लेट बसवा.

उतरवलेले इंजिन कोपऱ्यात ढकलून दिले तर मात्र सगळे वाया. कूलंट पूर्ण काढा, जुने तेल काढून गंजरोधक तेल भरा, सिलिंडरमध्येही थोडे सोडा, तोंडे झाकणांनी बंद करा, आत सिलिका जेल ठेवा. दर तीन महिन्यांनी क्रँक हाताने फिरवा आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबवा, नाहीतर त्याच व्हॉल्व्ह स्प्रिंग दबलेल्या राहतात.

सातपूर टूलरूम

झिजते ते क्रँकचे शेल, पिस्टन रिंग, लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर). हे झिजायलाच बनवलेले आहेत, बदलायचेच असतात. ओल्या लायनरचे (लायनरला बाहेरून थेट पाणी लागणारे) इंजिन असेल तर लायनर सीलमधून पाणी संपमध्ये उतरते, तेल दुधाळ होते. ओव्हरहॉलआधी तेल काढताना पहिली धार स्वच्छ भांड्यात घ्या. पाणी जड असते, खाली साचते आणि तेच आधी बाहेर येते. कूलंटला डीएम (क्षार काढलेले) पाणी आणि इनहिबिटर (गंजरोधक) नसेल तर लायनरच्या बाहेरून खड्डे पडतात. बदली इंजिनालाही हीच काळजी लागते. तडा गेलाच तर ओतीव लोखंडाला वेल्डिंग करू नका, उष्णतेने शेजारी दुसरा तडा जातो. थंड स्टिचिंग (न तापवता धातूचे टाके) करा, मग कोमट पाण्याने प्रेशर टेस्ट.

राहिली गिअरबॉक्स. बँड घसरतो म्हणून लायनिंग बदलायला धावू नका, आधी गिअर सिलिंडरला मिळणारी हवा मोजा. गळती असेल तर नवे लायनिंगही तसेच जळेल. आणि जुन्या लायनिंगला घासकागद किंवा हवेची फुंकर लावायची नाही, त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ओले करून पिशवीत भरा आणि मास्क लावूनच हाताळा.

जेलरोडकर

ॲडॅप्टर प्लेटवर मी देवळालींशी सहमत, टॉर्कवर सातपूरशी नाही. टॉर्क पंपाच्या रॅकला स्टॉप लावून कमी करता येतो.

पंप-नोझल

येतो, पण टर्बो इंजिनात नुसता स्टॉप लावला तर खालच्या आरपीएमचा टॉर्क तिथेच राहतो, वरचा कापला जातो. बूस्ट कंट्रोल (टर्बोच्या दाबानुसार इंधन ठरवणारा भाग) आणि गव्हर्नरची स्प्रिंग दोन्ही बघायला हवीत. पंप टेबलावर चढवून १०००, १४०० आणि १८०० इंजिन आरपीएमला डिलिव्हरी मोजा, म्हणजे पंपाला त्याच्या निम्मे फेरे. मग बोलू.