मिरवणुकीतील लखलखाट, लेझर आणि मळमळ

खाडीकाठ (देवगड तालुका) यांचा प्रश्न:
यंदा आमच्या वाडीच्या विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशांच्या जोडीला ट्रॅक्टरवर बांधलेले झगझगते दिवे आणि हिरव्या लेझरचा संच आणला होता. देवळापासून किनाऱ्यापर्यंतची पाणंद अरुंद असून दोन्ही बाजूंना जांभ्या चिऱ्यांचे गडगे आहेत, त्यामुळे सारा उजेड तिथे कोंडल्यासारखा झाला होता. माझ्या वहिनींना थोड्याच वेळात गरगरू लागले, मळमळ सुरू झाली आणि घरी अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्यावर उतार पडला. त्यांना अर्धशिशी आहे. फिट मात्र कधी आलेली नाही. इतरांना काहीच न झाल्याने ‘पित्त खवळले असेल’ असे म्हणून विषय मिटवण्यात आला. नुसत्या उजेडाने असा त्रास होतो का? आणि त्यातून डोळ्यांना इजा होते का?

सुरूचे बन:
त्रास होतो, आणि त्यासाठी फिटचा विकार असावाच लागतो असे नाही. मेंदू आपला तोल डोळे, अंतःकर्ण आणि स्नायू यांच्याकडून येणाऱ्या माहितीवर सांभाळतो. झोत चारी बाजूंच्या भिंतींवरून फिरू लागले की डोळे सांगतात, आपण गिरकी घेत आहोत. अंतःकर्ण सांगते, आपण जागच्या जागी उभे आहोत. बोट लागते तीही अशाच विसंवादामुळे.

लुकलुकण्याचा वेग ही याहून वेगळी बाब आहे. प्रकाशाला संवेदनशील असलेल्या फिटच्या रुग्णांना सेकंदाला साधारण ३ ते ३० चमका धोक्याच्या ठरू शकतात, आणि त्यातही १५ ते २५ सर्वाधिक. मात्र फिरत्या पात्यांमधून ऊन लखलखत राहिल्याने हेलिकॉप्टरच्या धडधाकट वैमानिकांनाही गरगरणे आणि मळमळ होते. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’चा एक भाग दूरचित्रवाणीवर पाहून ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले, त्यांत बहुतेक मुले होती, त्या दृश्यात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून-पालटून चमकत होता. आपल्याकडे कलत्या उन्हात सुरूच्या रांगेलगत ताशी ४५ किलोमीटर वेगाने दुचाकी चालवली आणि झाडे अडीच-अडीच मीटरवर असली, तर डोळ्यांवर सेकंदाला पाच वेळा ऊन-सावली येते. काहींना तेवढ्यानेही कसेसेच होते. अर्धशिशी असणाऱ्यांना हा त्रास लवकर आणि अधिक होतो, त्यामुळे वहिनींच्या बाबतीत मला नवल वाटले नाही.

अशा वेळी नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण पापणीतून लालसर उजेड आत येतच राहतो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा, तोंड फिरवावे आणि तिथून दूर जावे.

आंबोशी:
जनरेटरचा धूर, भाद्रपदातला उकाडा आणि छातीत घुमणारा आवाज यांनीही मळमळते. सगळे खापर दिव्यांवर फोडू नये.

उजेडवाला:
धूर-आवाजाचा वाटा असेलही, पण अंधारात पडल्यावर बरे वाटणे हे उजेडाकडेच बोट दाखवते. मी मांडव आणि रोषणाईच्या धंद्यात आहे, म्हणून थोडे सांगतो. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत सेकंदाला तीनहून अधिक चमका टाळाव्यात असे म्हटले आहे, आणि आम्हीही स्ट्रोबचा, म्हणजे झपाझप लुकलुकणाऱ्या दिव्याचा, वेग यंत्रावर सहज कमी करू शकतो. घोटाळा होतो तो दोन स्ट्रोबचा मेळ नसला म्हणजे: प्रत्येकी चार-चार चमका असल्या तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर आठ येतात. शार्पी (अरुंद, प्रखर झोताचे फिरते दिवे) आणि स्ट्रोब मोकळ्या किनाऱ्यावर खपून जातात. गडग्यांच्या पाणंदीत ते लावणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

दृष्टिपटल:
इजेबद्दल विचारलेत, तर लुकलुकणारा साधा दिवा आणि लेझर यांची गल्लत होता कामा नये. दिव्याने होणारी मळमळ सहसा काही वेळाने ओसरते. लेझरचा झोत मात्र डोळ्यातील भिंगामुळे दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, सूक्ष्म ठिपक्याएवढ्या जागेत एकवटतो आणि ती जागा भाजू शकते. तिथे वेदना होत नाही, त्यामुळे ‘मला तर काहीच झाले नाही’ हे म्हणणे लेझरपुरते निरर्थक आहे. पापणी मिटायला सुमारे पाव सेकंद लागतो. १ मिलिवॉटपर्यंतच्या लेझरला ते पुरते, पण रोषणाईचे लेझर कित्येक पटींनी शक्तिशाली असतात आणि पापणी लवण्याआधीच इजा करून बसतात. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी मिरवणुकीतील लेझर झोतांना मनाई केली होती, ती उगाच नव्हे.

खाडीकाठ:
वहिनींचे समजले. माझा पुतण्या मात्र ट्रॅक्टरसमोर उभा राहून चित्रीकरण करत होता आणि तेव्हापासून त्याच्या मोबाइलच्या प्रत्येक छायाचित्रात एक जांभळी रेघ उमटते. त्याची स्वतःची काही तक्रार नाही.

दृष्टिपटल:
ती रेघ म्हणजे लेझरने कॅमेऱ्याचा सेन्सर जाळल्याची खूण असू शकते. म्हणजे झोत त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर आला होता असे धरून चालावे. आज घरीच एकेक डोळा झाकून त्याला फरशीच्या सांध्यांकडे पाहायला सांगा. सरळ रेघ वाकडी दिसली, मध्येच तुटली किंवा मधोमध करडा डाग जाणवला, तर औषधाच्या दुकानातून थेंब आणण्यात वेळ न घालवता दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडे न्या आणि ओसीटी (दृष्टिपटलाचे थर दाखवणारी) तपासणी करून घ्या. रेघा सरळ दिसल्या तरीही एकदा बाहुली मोठी करून तपासणी करावी, कारण केंद्रापासून दूरची इजा या चाचणीत सापडत नाही.