मदत हवी आहे: सी ड्राइव्ह भरलाय, जागा करायचीय पण रेकॉर्डिंग जाता कामा नये

नमस्कार मंडळी, फोंड्याला काकांचा डेस्कटॉप आहे, आय 5 आठवी जनरेशन, 16 जीबी रॅम, विंडोज 11. सी ला 120 जीबीची एसएसडी (विंडोजमधे 111 दिसते, ते माहितीय) आणि डी ला 1 टीबीची साधी हार्डडिस्क, ती जवळजवळ रिकामीच. सी वर आता जेमतेम 3 जीबी उरलेत, अपडेट होत नाहीयेत आणि मशीन जागोजागी अडकतंय.

काका हार्मोनियम शिकवतात आणि गावोगावची भजनं, चवथीतल्या घुमट (मातीचं वाद्य) वाजवून म्हटलेल्या आरत्या ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममधे रेकॉर्ड करून ठेवतात. त्यातले काही म्हणणारे आता हयात नाहीत, त्यामुळे फॉरमॅट मारून मोकळा हो असं कृपया कोणी सांगू नका.

डिस्क क्लीनअप सिस्टीम फाइल्ससकट चालवलं, जुन्या विंडोजचं फोल्डर गेलं, डाउनलोड्स आणि म्युझिक हे फोल्डर प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबमधून डी वर नेले. मग कुठल्या फोल्डरने किती जागा घेतलीय ते दाखवणाऱ्या ट्रीसाइजने बघितलं तर विनएसएक्सएस (विंडोजच्या सिस्टीम फाइल्सचं फोल्डर) 11 जीबी, हायबरफिल (हायबरनेटसाठीची फाइल) सहाच्या वर, आणि ॲपडेटा, लोकल, ऑडॅसिटी, सेशनडेटा या फोल्डरमधे तब्बल 31 जीबी! काकांचे सेव्ह केलेले प्रोजेक्ट सगळे डी वर आहेत, मग हे काय आहे? उडवू का? आणि हायबरफिल घालवावी तर इकडे पावसात वीज सारखी जाते, गेल्या वर्षी यूपीएस घेतला त्याचं सॉफ्टवेअर बॅटरी उतरली की मशीन हायबरनेट करतं, म्हणजे उघडं काम डिस्कवर लिहून मशीन बंद करतं. काय करू?

प्रतिसाद:
दादा, सेशनडेटाला आधी अजिबात हात लावू नका! ऑडॅसिटी रेकॉर्डिंग करताना सेव्ह न केलेला प्रोजेक्ट तिथेच लिहीत असते, नीट बंद केलं की ती फाइल जाते, पण मधेच वीज गेली तर ती परत मिळावी म्हणून तशीच राहते. नेहमीच्या सेटिंगला, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झ, स्टीरिओ, 32 बिट, तासाला साधारण सव्वा जीबी होतात, म्हणजे तुमच्या 31 जीबीत चोवीसेक तासांचं गाणं असू शकतं. बहुतेक यूपीएस यायच्या आधीचं असेल.

ऑडॅसिटी बंद ठेवून ते अख्खं फोल्डर, त्यातल्या छोट्या फाइल्ससकट, डी वर कॉपी करा, कट नको. मग ऑडॅसिटी उघडा, ती रिकव्हरीची यादी दाखवेल, एकेक रिकव्हर करून ऐका आणि प्रोजेक्ट डी वर सेव्ह करा. डिस्कार्ड दाबायचं ते काकांनी ऐकून नको म्हटल्यावरच. शेवटी प्रेफरन्सेसमधे डिरेक्टरीज मधे जाऊन टेंपररी फाइल्सची जागा डी वर द्या, नाहीतर परत हेच होणार.

हायबरफिल तुमच्याकडे राहू दे. एरवी मी डेस्कटॉपवर बंदच करायला सांगतो, पण यूपीएस हायबरनेट करत असेल तर उघडा प्रोजेक्ट वाचतो आणि त्याच्यासाठी सहा जीबी काही जास्त नाहीत. रिड्यूस्ड टाइप या सेटिंगने ती लहान करता येते, पण मग फक्त फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर सुरू होणं) उरतं, हायबरनेट नाही, म्हणजे तुमच्या उपयोगाचं नाही.

विनएसएक्सएसचा आकडा फसवा असतो, त्यातल्या बऱ्याच फाइल्स विंडोजच्याच फाइल्सच्या हार्ड लिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव, वेगळी कॉपी नव्हे) असतात, एक्सप्लोररमधे दोनदा मोजल्या जातात. हाताने काही डिलीट करू नका, विंडोजच्या डिझम या टूलचं स्टार्ट कॉम्पोनंट क्लीनअप ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून चालवा, एखाद दोन जीबी मिळाले तर मिळाले. विंडोजमधलं इन्स्टॉलर फोल्डरही तसंच सोडा, ते उडवलं की पुढे प्रोग्राम अपडेट किंवा अनइन्स्टॉल होत नाहीत. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती फाइल) आहे तिथे बरी, हार्डडिस्कवर नेली तर मशीन अजून रडेल.

मूळ प्रश्नकर्ता:
खूप खूप आभार! कॉपी करून सगळ्या फाइल्स रिकव्हर केल्या, दोन घुमट आरत्या तर अशा निघाल्या की काका म्हणाले त्या गेल्याच असं धरून बसलो होतो. टेंपररी जागा डी वर दिली, सी वर आता 35 जीबी मोकळे आहेत, अपडेटही बसला. एकच फाइल उघडत नाही, डेटाबेस एरर देते. तिची कॉपी डी वर तशीच ठेवलीय. अशी फाइल कोणी दुरुस्त केली असेल तर कशी ते सांगा, काकांना ती हवीच आहे.