प्रेशर: दाब, दबाव, दडपण की रेटा?

‘प्रेशर’ला मराठीत काय म्हणायचं? पटकन सुचतो तो ‘दाब’, आणि कुकर, टायर, हवामान यांच्यापुरता तो बरोबरच आहे. पण ‘साहेबांचं प्रेशर’, ‘दहावीचं प्रेशर’ आणि गाडीच्या दारातलं ‘मागच्यांचं प्रेशर’, यांतल्या एकाही ठिकाणी दाब बसत नाही.

दाब मोजता येतो. शाळेतली व्याख्या आठवा: एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने पडणारं बल. त्याचं एकक पास्कल, रक्तदाब मात्र अजून पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, म्हणून तो १२०/८०. समुद्रसपाटीला हवेचा सरासरी दाब १०१३ हेक्टोपास्कल. पावसाच्या बातम्यांतला ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हणजे आजूबाजूपेक्षा दाब उतरलेला भाग. ‘आज कमी दाबाने पाणीपुरवठा’ ही सूचना तर मुंबईकरांना पाठ आहे. पाण्याचा स्तंभ दहा मीटर उंच असला की तळाशी जवळपास एका वातावरणाइतका दाब मिळतो. म्हणून टाकी गच्चीवर असली की सर्वांत वरच्या मजल्यावरचा नळ रडतो आणि तळमजल्यावर पाणी धो धो येतं. घरात मात्र ‘दाब नाही’ कोणी म्हणत नाही. ‘पाण्याला फोर्स नाही’ किंवा ‘धार बारीक आहे’ हेच ऐकू येतं.

वीज खात्याने व्होल्टेजलाही दाबच म्हटलंय: उच्चदाब वाहिनी, लघुदाब ग्राहक. तिथे बल नाही की क्षेत्रफळ नाही, तरी शब्द रुळलाय.

दबाव वेगळा. तो कोणीतरी, काहीतरी साधण्यासाठी आणतो: दबावगट, दबावतंत्र, साक्षीदारावर दबाव. हा शब्द हिंदी आहे असं म्हणून काही जण तो टाळतात. पण ठरणे-ठराव, जमणे-जमाव तसंच दबणे-दबाव; घडण आपल्या ओळखीचीच आहे. हिंदीत हवेलाही दबाव चालतो, त्यावरून मराठीत ‘कमी दबावाचा पट्टा’ लिहिलेलं दिसतं, ते मात्र मला खटकतं. हवेला कुणाकडून काय काढून घ्यायचंय?

दडपणाची गंमत अशी की मूळ क्रियापद चांगलंच आक्रमक आहे. प्रकरण दडपतात, आवाज दडपतात, त्यातूनच दडपशाही. नाम मात्र सोसणाऱ्याच्या मनात जाऊन बसलं. परीक्षेचं दडपण कोणी आणत नाही, ते येतं. शंका आली तर क्रियापद लावून बघावं: दाब पडतो, दबाव आणतात, दडपण येतं. ‘दडपण घेऊ नकोस’ असं फलंदाजाला सांगता येतं. ‘दाब घेऊ नकोस’ म्हटलं तर तो बुचकळ्यात पडेल.

आणि गर्दीचं प्रेशर म्हणजे रेटा. सकाळच्या विरार लोकलमधून दादरला आपण उतरत नाही, रेटा उतरवतो. जनमताचाही रेटाच असतो. इतका नेमका शब्द असताना ‘पब्लिक प्रेशर’ कशाला?

दाबाचा आणखी एक अर्थ आता जुन्या माणसांच्याच तोंडी उरलाय: ‘पोरांना कुणाचा दाब म्हणून नाही.’ इथे दाब म्हणजे वचक. मोजता येण्याची माझी कसोटी इथे लागू पडत नाही. सकाळी ‘प्रेशर आलंय’ म्हणत धावणाऱ्यासाठी मात्र ‘घाईची लागणे’ इतका चपखल प्रयोग कुठल्याच परिभाषेत सापडणार नाही.

राहता राहिलं ‘पीअर प्रेशर’. त्याला ‘समवयस्कांचा दबाव’ असं लिहितात. मित्र ‘एक घोट घेच’ म्हणून मागे लागले असतील तर ठीक, तरी मी त्याला गळ घालणं म्हणेन. पण कोणी काहीच बोललं नाही आणि सगळ्यांकडे महागडा फोन आहे म्हणून आपल्यालाही हवा असं वाटलं, तर ते दडपण. एकाच इंग्रजी शब्दात दोन्ही मावतात, म्हणून मराठीतही एकच हवा असं थोडंच आहे!