मदत हवी आहे: क्लेमचे फोटो ॲपवर दोनदा नाकारले, आता नेमके कसे काढू?

गोदाकाठ:
काल संध्याकाळी पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला गाडी उभी असताना मागून पिकअप धडकला. पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, पांढरी, साडेतीन वर्षांची. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं जादा कव्हर) नाही. कुणाला लागलेलं नाही. मागचा बंपर उजवीकडून निखळलाय, डिकी दबलीय, लॉक लागत नाही. क्लेम नंबर मिळाला, पण ॲपवर टाकलेले फोटो ‘नुकसान स्पष्ट नाही’ म्हणून दोनदा परत आले. जागेवरचे दोनच फोटो आहेत, तेही मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेले. गाडी इंदिरानगरला सोसायटीत उभी आहे. बंपर लोंबतोय, काढून ठेवू का?

पेंटबूथ:
बंपर अजिबात काढू नका, गाडी धुऊही नका. पिकअपचा रंग बंपरला घासून लागला असेल, तर धडक कशाची हे तोच सांगतो. आधी फोटो, मग रुंद चिकटपट्टीने बंपर टेकवून ठेवा.

फोटो परत येण्याचं कारण बहुतेक पांढरा रंग. भर उन्हात समोरून काढलेल्या फोटोत पांढऱ्या पत्र्यावरचा पोचा दिसतच नाही. गाडी सावलीत घ्या, फ्लॅश बंद करा, मोबाइलच्या पडद्यावर पोच्याच्या जागी बोट टेकवून उजेड थोडा कमी करा आणि पत्र्याला तिरकं उभं राहा. भिंतीची कड किंवा झाडाचं खोड डिकीवर सरळ उमटतं आणि पोच्यापाशी वाकतं. ती वाकलेली रेघ फोटोत आली की काम झालं.

प्रत्येक नुकसानीचे तीन फोटो हवेत: चार पावलांवरून नंबरप्लेटसह, दीड पावलावरून तो पूर्ण भाग, आणि वीतभर अंतरावरून तुटलेली जागा. नुसते जवळचे फोटो कुठल्याही गाडीचे असू शकतात, म्हणून ते अडकतात.

डिकीतली मॅट आणि स्टेपनी काढून खालचा पत्राही टिपा. तिथे सुरकुती पडली असेल तर मार आतपर्यंत गेलाय. डिकी आणि टेललॅम्पमधली फट डावी-उजवी दोन्हीकडची घ्या, फरक लगेच कळतो. बंपरचे आतले हुक तुटलेत का, तेही फटीतून टॉर्च मारून दाखवा. हुक तुटले असतील तर बंपर बदलावाच लागतो. नुसता ओरखडा दिसला तर रंगकामावर भागवतात.

पंचनामा:
वरचं सगळं बरोबर. त्यात चारही कोपऱ्यांतून पूर्ण गाडी, ओडोमीटर आणि चासी नंबर जोडा. चासी नंबर कोरड्या फडक्याने पुसा आणि टॉर्च बाजूने धरा. समोरून उजेड मारला तर कोरलेले आकडे चमकून जातात.

मित्राच्या फोनमधले मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते. पिकअपचा नंबर त्यात दिसत असेल तर तो फोटो नक्की जपा. जुने ओरखडे झाकू नका, ‘आधीचे’ असं स्वतःहून लिहा. एक जुना ओरखडा या धडकेत खपवायला गेलं की बाकीच्या खऱ्या नुकसानीवरही शंका घेतली जाते. फॉर्मवर चालकाचं नाव प्रत्यक्ष चालवणाऱ्याचंच, लायसन्सही त्याचंच.

५० हजारांच्या आतलं नुकसान नुसत्या फोटो-व्हिडिओवर मंजूर करता येतं. त्यापुढे परवानाधारक सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) लागतोच.

गोदाकाठ:
मनापासून आभार. मूळ फोटो मिळाले, पिकअपचा नंबर स्पष्ट आहे. पण क्लेम करणं परवडेल का?

पंचनामा:
झिरो डेप नसल्याने घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याची कपात, कापला जाईल: प्लास्टिकवर ५० टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५, काचेवर काहीच नाही. समजा बंपर ५,००० आणि डिकीचा दरवाजा १०,०००. मिळणार २,५०० अधिक ७,५००. रंगाच्या मटेरियलवरही निम्मी कपात. मग स्वतः सोसायचे सक्तीचे १,००० वजा, कारण गाडी १५०० सीसीच्या आत आहे.

दुसऱ्या बाजूला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तीन वर्षं क्लेम नसेल तर आत्ता ३५ टक्के चालू असेल, पुढच्या नूतनीकरणाला ४५ झाला असता, तो शून्यावर येईल. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर असते, थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) नाही. ओन डॅमेजचा हप्ता ८,००० असेल तर पहिल्याच वर्षी ३,६०० जातील, नंतरही चार वर्षं कमीच बोनस. डिकीसकट काम असेल तर क्लेम करा. नुसता बंपर निघाला तर खिशातून केलेलं बरं.

पेंटबूथ:
आणि हे ठरवायच्या आधी गॅरेजचं लेखी एस्टिमेट घ्या. बंपर उतरवल्यावर मागचा पॅनल आत गेलेला सापडला तर तिथेच काम थांबवून फोटो कंपनीला पाठवायला सांगा, वाढीव एस्टिमेट मंजूर होऊ द्या, मगच ठोकपीट. एकदा पत्रा सरळ झाला की तो आत गेला होता हे दाखवायला काहीच उरत नाही. जुना बंपर आणि तुटलेले भागही शेवटची तपासणी होईपर्यंत गॅरेजमधून हलवू देऊ नका.