रजेने भागत नाही तेव्हा

कामाच्या ताणाने पार गळून जाणे, म्हणजे बर्नआउट, याविषयी बोलताना काही जण म्हणतात की चार दिवस रजा काढली की शीण उतरतो, स्वतःच्या मर्यादा ओळखण्याचा एवढा बाऊ कशाला. त्याशी मी सहमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून केलेली आहे, आणि तिची लक्षणे तीन आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. रजेने फार तर पहिले लक्षण काही काळ हलके होते.

रुग्णालयात परिचारिकांच्या पाळ्या लावताना मला थकव्यापेक्षा दुसऱ्या लक्षणाची अधिक धास्ती वाटते. एरवी नातेवाइकांना दहादा समजावून सांगणारी सिस्टर त्यांच्याकडे न पाहताच उत्तर देऊ लागते, औषधाच्या तक्त्यातली एकच ओळ पुनःपुन्हा वाचते आणि पाळी संपल्यावरही कपडे न बदलता बसून राहते. अशा वेळी तिने ‘सलग तिसरी रात्रपाळी मला झेपणार नाही’ असे म्हणणे हा कामचुकारपणा नसून रुग्णाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. मात्र हे ऐकून घेणारे वरिष्ठ नसतील, तर केवळ तिच्या सावधपणाने फारसे साधणार नाही.

मन मोकळे करायला जवळ कोणी नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.