मदत हवी आहे : मोठ्या काँक्रीट बीमची भंगऊर्जा खरोखर जास्त असते, की आमच्या मोजणीत चूक आहे?

नमस्कार. खाच पाडलेल्या काँक्रीट बीमवर तीन-बिंदू वाकचाचणी (दोन आधारांवर ठेवलेल्या बीमवर मधोमध भार देणे) ज्यांनी स्वतः केली आहे, अशा अभ्यासकांचे मार्गदर्शन मला हवे आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागात शिकवतो. आपल्याकडच्या बेसाल्ट खडीच्या काँक्रीटची भंगऊर्जा, म्हणजे एक चौरस मीटर तडा पूर्ण उघडायला खर्ची पडणारी ऊर्जा, हा माझ्या पीएचडीचा विषय आहे.

एम ४० (४० मेगापास्कल दाबसामर्थ्याच्या) काँक्रीटचे तीन आकारांचे बीम आम्ही ओतले. त्यांची उंची ७५, १५० आणि ३०० मिलिमीटर आहे, रुंदी सर्वांची १०० मिलिमीटर, आधारांमधले अंतर उंचीच्या चौपट आणि खाच उंचीच्या एक तृतीयांश. आमचे यूटीएम (भार देणारे चाचणी यंत्र) १००० किलोन्यूटनचे आहे आणि सर्वांत मोठा बीमसुद्धा ९ किलोन्यूटनच्या आसपास मोडतो, म्हणजे यंत्राच्या क्षमतेचा एक टक्काही वापरला जात नाही. म्हणून २० किलोन्यूटनचा स्वतंत्र लोड सेल (भारमापक) बसवला. बीमचा मधला वाक, म्हणजे तो मध्यावर किती खाली झुकतो ते, एलव्हीडीटी या विस्थापनमापकाने नोंदवले.

भंगऊर्जेची सरासरी लहान बीमसाठी ९६, मधल्यासाठी १२१ आणि मोठ्यासाठी १५८ न्यूटन प्रति मीटर (म्हणजेच ज्यूल प्रति चौरस मीटर) आली. हिलरबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडलेल्या काँक्रीटमधल्या तड्याच्या प्रतिमानात भंगऊर्जा हा पदार्थाचा गुणधर्म आहे, त्यामुळे ती आकारानुसार इतकी बदलायला नको. बाझांत यांच्या १९८४ च्या आकार-परिणाम नियमानुसार मोठ्या बीमचे नाममात्र सामर्थ्य (शिखरभार भागिले रुंदी व उंची) कमी होते, हे आमच्या आकड्यांतही स्वच्छ दिसते. पण सामर्थ्य आकारानुसार घटणे आणि भंगऊर्जा आकारानुसार वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीबद्दल माझी खात्री होत नाही.

अडचण मोठ्या बीमची आहे. शिखरभारापर्यंत (सर्वाधिक भारापर्यंत) भार आणि वाक यांचा आलेख उत्तम येतो, त्यानंतर मात्र बीम एका क्षणात मोडून खाली बसतो आणि आलेखाची उतरती बाजू नोंदीत येतच नाही. नाइलाजाने आम्ही शिखराचा बिंदू आणि नोंदीतला शेवटचा बिंदू सरळ रेषेने जोडून आलेखाखालचे क्षेत्रफळ, म्हणजे खर्ची पडलेली ऊर्जा, काढले. बीमच्या स्वतःच्या वजनाची दुरुस्ती रिलेम या बांधकाम साहित्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९८५ च्या शिफारशीप्रमाणे केली आहे. ती सोडून देण्याजोगी अजिबात नाही : मोठा बीम आधारांच्या दरम्यान सुमारे ८६ किलोचा आहे, त्यामुळे १ मिलिमीटर वाकाला या एकाच पदातून ४२ न्यूटन प्रति मीटर मिळतात, तर लहान बीममध्ये ते जेमतेम ११ भरतात.

ही वाढ शोधनिबंधात मांडण्याच्या योग्यतेची आहे का, आणि नसेल तर आमच्याकडे शिल्लक असलेल्या सहा मोठ्या बीमवर चाचणी कशी करावी, एवढेच मला विचारायचे आहे.

प्रतिसाद

सर, हे आकडे कृपया अजून प्रसिद्ध करू नका. तुमची सरळ रेषाच मोठ्या बीमची भंगऊर्जा फुगवते आहे. शिखरानंतर तडा पुढे सरकतो तेव्हा बीममध्ये आणि यंत्राच्या सांगाड्यात साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा एकदम सुटते. तिचा मोठा भाग धक्का आणि गती यांत जातो, तडा उघडण्यात नाही. तुमची रेषा मात्र ती सगळी तड्याच्या खात्यावर मांडते. बीम जितका मोठा, तितकी ही सुटणारी ऊर्जा जास्त, म्हणून चढता क्रम दिसतो.

यावर खरा उपाय म्हणजे वाकाऐवजी खाचेच्या तोंडाच्या उघडिपीवर यंत्र चालवणे. खाचेच्या तोंडाशी क्लिप गेज (उघडीप मोजणारे उपकरण) लावून त्याचा संकेत सर्व्हो यंत्रणेला, म्हणजे संकेतानुसार भार आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेला, द्यावा. वाक मागे फिरला तरी उघडीप सतत वाढतच जाते, म्हणून चाचणी ताब्यात राहते. खाच उंचीच्या निम्म्यापर्यंत नेली तरी पुष्कळ फरक पडेल. वजनासाठी दोन्ही टोकांना प्रतिभार (बीमचे वजन तोलणारी वजने) लावा, नाहीतर शेवटी बीम स्वतःच्याच वजनाने तुटतो आणि आलेखाची शेपटी हरवते. शेपटीत भार हा वाकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, त्यामुळे तुटलेला भाग गणिताने पुरा करता येतो. माद्रिदच्या गिनेआ, प्लानास आणि एलिसेस यांचे १९९२ चे तीन लेख यासाठी अवश्य वाचा.

जुन्या चाचण्या मात्र वाया गेलेल्या नाहीत. तुमच्या आकारांचे प्रमाण एकास चार आहे, म्हणून निव्वळ शिखरभारांवरून, बाझांत यांच्या नियमावर आधारलेल्या आकार-परिणाम पद्धतीने भंगऊर्जा काढता येईल. मात्र ती ऊर्जा मृदुकरण-आलेखाच्या (तडा उघडताना त्याने पेललेला ताण कसा घटतो ते दाखवणाऱ्या आलेखाच्या) सुरुवातीच्या उतारापुरती असते आणि एकूण भंगऊर्जेपेक्षा बरीच कमी भरते, म्हणून दोन्ही आकडे एका रकान्यात ठेवू नका.

एक विचारायचे राहिले. वाक नेमका कशाच्या सापेक्ष मोजला? आधारांवरचे काँक्रीट थोडे चेपते, आणि ते चेपणेही क्षेत्रफळात शिरते.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. एलव्हीडीटी यंत्राच्या बेडवर उभा केला होता, म्हणजे आधारांचे चेपणे तिन्ही आकारांत मिसळले आहे आणि लहान बीमचे ९६ सुद्धा आता मला विश्वासार्ह वाटत नाहीत. आधारांच्या थेट वर, बीमच्या अर्ध्या उंचीवर टेकणारी पट्टी आम्ही याच आठवड्यात बनवून घेत आहोत. शिल्लक सहा बीमची खाच १५० मिलिमीटरपर्यंत वाढवू आणि जुने शिखरभार आकार-परिणाम पद्धतीने पुन्हा मांडू.

सर्व्हो यंत्र आमच्याकडे नाही. पुणे, नाशिक किंवा कोल्हापूर परिसरात क्लिप गेजच्या नियंत्रणावर चालणारे यंत्र बाहेरच्या संशोधकांना सशुल्क वापरायला मिळत असेल, तर कृपया कळवावे. बीम तिथवर आणण्याची आणि खाच कापण्याची व्यवस्था आम्ही करू.